सिस्टरबाईंचा हात

बाईंचा हात थरथरत नव्हता. त्यांनी मला विचारलं, तेव्हा मी "थोडासा" असं म्हणालो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून मी सहसा काही लपवत नाही. पन्नाशी उलटली, आता सांगून टाकतो. पण आधी बाई कोण होत्या ते सांगायला पाहिजे. नाही तर त्या एका शब्दानं काय झालं ते कोणाला कळणार नाही.

तिरोड्याला पंचायत समितीत कारकून म्हणून आलो, तेव्हा बाईंच्या घरामागच्या दोन खोल्या मला भाड्यानं मिळाल्या. विजेच्या कारखान्याच्या चिमण्या तेव्हा उभ्या राहायच्या होत्या. गल्ली संपली की धानाच्या बांध्या लागत. बाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. लग्न केलेलं नव्हतं. पोस्टमनपासून भाजीवालीपर्यंत सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणत. नोकरी संपली तरी साडी पांढरीच, आणि घड्याळ मनगटाला न बांधता खांद्याजवळ पिनेनं लटकवलेलं. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "हाताले घड्याळ असलं तं लेकराले बोचते ना बाबू."

आता कुठली लेकरं, असं म्हणायची सोय नव्हती. लेकरं खरंच येत. तान्ह्या बाळाची पहिली नखं काढायला आसपासच्या आया बाईंकडे येत. बाळाचं नख कागदासारखं असतं, पण वाढलं की ते स्वतःचाच गाल ओरबाडून घेतं, आणि घरात कोणाचीच कापायची हिंमत होत नाही. कितीतरी आया ते दातांनी कुरतडतात. ते कळलं की बाई चिडायच्या. "दातानं कायले? उंदीर आहेस का तू?" मग स्टीलच्या डबीतून बाकदार टोकाची इवलीशी कात्री निघायची. झोपलेल्या बाळाची मूठ त्या अंगठ्यानं अशी उघडायच्या की बाळाला ती आपणच उघडली असं वाटावं. माझ्या मुलीची पहिली नखं त्यांनीच काढली. माझी बायको समोर श्वास रोखून बसली होती. काम झालं, कात्री पुसत बाई तिला म्हणाल्या, "तू घे आता श्वास. पोट्टी तं केव्हाची घेऊनच राहिली."

त्यांच्या हाताचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्या लपवत नसत. अर्धी गल्ली त्यांच्या हातांत जन्मली होती आणि बाई हे गल्लीला विसरू देत नसत. कोपऱ्यावरचा किराणावाला एकदा गिऱ्हाइकाशी तावातावानं भांडत होता. बाई साखर घ्यायला थांबल्या होत्या. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "तू पायाकडून आला होता. मले तवाच समजलं होतं, हा पोट्टा कधी सरळ बोलनार नाही." दुकानात हसू फुटलं. एवढा मोठा मिशीवाला माणूस निमूटपणे साखर तोलायला लागला.

घाई हा शब्द त्यांना चालत नसे. चहाला उशीर होतो म्हणून कोणी उठू लागलं, तर त्या प्रसूतीच्या खोलीतलं आपलं जुनं वाक्य म्हणायच्या, "घाई कायले? येऊन राहिलं ना, तं येऊ दे."

त्यांच्या कुत्र्याचं नाव पेशंट होतं.

रानडुकरांसाठी लावलेल्या तारेचा फास पुढच्या पायात रुतलेला, अशा अवस्थेत तो त्यांना धानाच्या बांधीत सापडला. तार मांसात गेली होती. बाईंनी सायकलवाल्याला बोलावलं आणि त्यानं पकडीनं ती तार कट् करून तोडली. पाय वाचला, थोडं लंगडणं राहिलं. आणि राहिली त्या आवाजाची भीती. कुठंही धातूचं कट् वाजलं की पेशंट पाण्याच्या टाक्यामागे जाऊन बसायचा. त्याला ठेवून घेतलं, पण बाई त्याच्याशी मराठीत बोलत नसत, हिंदीत बोलत. "बैठो. आराम से. कुछ नहीं होगा." मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "आमचे डाक्टर सारे पेशंटसोबत हिंदीतच बोलत. त्याले वाटलं पायजे ना, दवाखान्यात आहो म्हनून."

दुखऱ्या पायावर तो भार देत नसे, त्यामुळे त्या पायाची नखं झिजत नसत. त्यातही आतल्या बाजूचं, जमिनीला न टेकणारं जे नख असतं ते वाढून आकड्यासारखं वळलं होतं. आणखी वळलं तर ते मांसात घुसणार, हे दिसत होतं. कापणं भाग होतं आणि नेलकटर नुसतं दिसलं तरी पेशंट टाक्यामागे पळत होता. त्याला चौघांनी धरायचं आणि कापून मोकळं व्हायचं, असं गल्लीतल्या प्रत्येकानं सुचवलं. बाई म्हणाल्या, "चौघांनी धरूनच तार तोडली होती. तेच तं त्याच्या डोक्यात बसलं आहे."

मग त्यांनी जे सुरू केलं त्याला गल्ली बरेच दिवस हसली.

रोज संध्याकाळी, चहा झाल्यावर, बाई ओसरीवर बाज टाकून बसत आणि पेशंटच्या देखत स्वतःची नखं कापत. त्यानं पाहावं, एवढंच. तो टाक्यामागून नाक बाहेर काढून पाहायचा. आठवड्याभरात बाईंच्या बोटांना कापण्यासारखं काही उरलं नाही. मग त्यांनी माणसं धरायला सुरुवात केली. पोस्टमन आला की, "हात दाखव." दूधवाला आला की, "किटली ठेव तिथी, हात दाखव." माणूस संकोचून म्हणायचा, "अवं बाई, कालच कापली." बाई म्हणायच्या, "मंग पायाचा अंगठा दे." आणि प्रत्येक वेळी पेशंटकडे पाहून, "देखो. भैया रो रहा है क्या? नहीं ना?"

आमच्याकडे दिवेलागणीला नखं कापत नाहीत. समोरच्या काकूंना ते पाहवेना. एका संध्याकाळी रस्त्यातूनच त्या ओरडल्या, "दिवा लागल्यावर नखं काढून राहिली, लक्ष्मी येईन का वं घरात?" बाई रविवारी विहारात जाणाऱ्या, त्यांनी मानही वर केली नाही. "माह्या घरी लक्ष्मी नाही येत बाई, पेन्शन येते. आन् ते दिवसाढवळ्या येते."

सगळ्यांत जास्त वेळा सापडलो मी. मागे राहणारा भाडेकरी, जाणार कुठं? ऑफिसातून आलो की बाज तयार असे. आधी मला गंमत वाटायची. पुढं ती वाटेनाशी झाली, कारण ऑफिसात बातमी पोचली होती. माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस गोंदियाचा होता. दुपारच्या डब्याच्या वेळी सगळ्यांसमोर तो मला विचारायचा, "क्यों भाई, ट्रेनिंग कुत्ते की चल रही है के किरायेदार की?" आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. घरी येताना मात्र ते हसणं सोबत यायचं.

बाईंची ही युक्ती फसली असती तर माझं सोपं झालं असतं. ती फसली नाही. हळूहळू पेशंट टाक्यामागून ओसरीच्या पायरीवर आला. मग बाजेखाली. मग एका संध्याकाळी, माझा हात बाईंच्या हातात असताना, त्यानं आपला लंगडा पाय उचलून बाईंच्या गुडघ्यावर ठेवला. जणू रांगेत माझ्यानंतर त्याचा नंबर होता. बाईंनी माझा हात सोडला. त्या वाकड्या नखाचं नुसतं टोक त्यांनी कापलं. कट् वाजलं आणि पेशंटचे कान मागे गेले, पण पाय तिथंच राहिला.

बाई उठून रस्त्यात गेल्या आणि समोरच्या काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "झाली! एका नखाची डिलिव्हरी झाली. नॉर्मल!"

दुसऱ्या दिवशी त्या भाचीच्या बाळंतपणाला कामठ्याला गेल्या. माझी बायको मुलीला घेऊन माहेरी गेली होती. पेशंट माझ्यावर सोपवला. निघताना म्हणाल्या, "खायाले द्याचं, पानी द्याचं. नखाले हात लावाचा नाही. बाकीचं म्या आल्यावर."

मदत करायची होती, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मला तो संध्याकाळचा प्रकार संपवायचा होता. बाई परत येतील तेव्हा नखं कापलेली असतील, बाज आत जाईल आणि माझा हात माझ्याकडे राहील, हे माझ्या मनात होतं. शिवाय दोन मिनिटांच्या कामाला या बाईनं एवढे महिने लावले, असंही वाटत होतं. ऑफिसात सांगायला काही तरी मिळालं असतं.

रविवारी दुपारी मी कोनाड्यातलं त्यांचं नेलकटर घेतलं. पेशंटला पोळी दाखवून जवळ बोलावलं. तो आला. माझा हातही त्यानं ओसरीवर रोज पाहिलेला होता, म्हणून आला असेल. मी दुपट्ट्यानं त्याचं तोंड बांधलं, त्याला आडवा पाडला आणि मानेवर गुडघा दिला. बाईंनी कापलेलं नख आधी घेतलं, कारण तेच जास्त वाकडं होतं. मी दाबलं आणि त्याच वेळी त्यानं पाय ओढला. तुकडा निघाला नाही. बाईंनी जिथं कापलं होतं तिथून ते नख उभं चिरत आतल्या जिवंत शिरेपर्यंत गेलं. तोंड बांधलेलं असल्यामुळे त्याला ओरडता आलं नाही. नाकातून एक बारीक आवाज आला. त्याच्याखालची फरशी ओली झाली, आणि मग तिच्यात रक्त मिसळलं.

मी त्याला सोडलं. तो टाक्यामागे गेला. हळद घेऊन मी मागे गेलो तर त्यानं दात दाखवले. मी फरशी धुतली, दुपट्टा धुतला, नेलकटर पुसून कोनाड्यात होतं तसं ठेवलं.

बाई परतल्या त्या खुशीत. मुलगा झाला होता. डॉक्टर यायच्या आत सगळं उरकलं, हे त्यांनी रिक्षातून उतरता उतरताच सांगितलं. पिशवी ठेवली, चहा घेतला, बाज टाकली, नेलकटर काढलं. पेशंट पायरीपर्यंत आला होता, तो वळून टाक्यामागे गेला. बाई त्याच्यामागे गेल्या. बऱ्याच वेळानं त्याचा पाय पाहता आला. सुजला होता, आणि चिरलेलं नख काळं पडलं होतं.

मी माझ्या दारात उभा होतो.

"म्या गेल्यावर काही झालं का रे?"

"नाही," मी म्हणालो. आणि विचारलं नसतानाही पुढं म्हणालो, "तुम्ही गेल्या त्याच दिवसापासून पाय चाटत होता."

बाई बाजेवर येऊन बसल्या. "मंग माह्याच कापन्यानं चिरलं," त्या म्हणाल्या. "मले समजलंच नाही. त्यानं बिचाऱ्यानं आवाजही नाही केला." मग उजवा हात उजेडाकडे धरला, बोटं पसरून. स्वतः पाहिलं. मग माझ्यापुढं केला.

"पाह्य बरं. थरथरून राहिला का?"

तो हात मला आजही दिसतो. बोटांची टोकं बोथट, नखं अगदी तळाशी कापलेली. एवढं ऐकून, एवढं पाहूनही तो हात भिंतीच्या खुंटीसारखा स्थिर होता. नाही म्हणालो असतो तर त्यांनी दुसरं कारण शोधलं असतं, आणि दुसरं कारण दारात उभं होतं.

"थोडासा," मी म्हणालो.

बाईंनी मान हलवली. हात मांडीवर ठेवला आणि त्यावर दुसरा हात झाकण घातल्यासारखा ठेवला.

दुसऱ्या संध्याकाळी बाज बाहेर आली नाही. पोस्टमननं पत्र देता देता आपण होऊन हात पुढं केला, थट्टेनं. बाई म्हणाल्या, "जा बाबा, आपल्या घरी काप." पुढं एक आई बाळ घेऊन आली, तिला त्यांनी दारातूनच परत पाठवलं. "दुसरी कोनी पाह्य. माहा हात आता धरत नाही." पहिल्यांदा लोकांना ती थट्टा वाटली. मग बातमी पसरली आणि आया येईनाशा झाल्या. पेशंटचं नख शेवटी जनावरांच्या डॉक्टरनं इंजेक्शन देऊन कापलं.

पुढच्या वर्षी आम्हाला मुलगा झाला. बायको त्याला घेऊन पुढच्या घरात बाईंकडे गेली, मुलीच्या वेळी गेली होती तशीच, मोठ्या विश्वासानं. मी खिडकीतून पाहत-ऐकत होतो. तिनं खूप विनवलं. बाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या, त्याच्याशी बोलल्या, त्याची मूठ अंगठ्यानं उघडली, पाहिली, मिटली आणि त्याला परत दिलं. बायको घरात येऊन म्हणाली, "बाई म्हाताऱ्या झाल्या हो." त्या म्हाताऱ्या झालेल्या नव्हत्या. मुलाची नखं बायकोनं दातांनी कुरतडली. त्याचे गाल महिनाभर ओरबाडलेले होते, आणि मी रोज ते पाहत होतो.

कुत्रं आधी विसरलं. किंवा विसरलं नसेल, त्यानं वेगळं काही ठरवलं असेल. नख भरून आल्यावर काही महिन्यांनी, दिवे लागायच्या वेळेस, बाई ओसरीच्या पायरीवर नुसत्या बसल्या होत्या. पेशंट आला आणि त्यानं लंगडा पाय त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. वाट पाहत राहिला. बाईंनी त्या पायावर हात फिरवला आणि तो हळूच खाली ठेवला. त्यानं पुन्हा वर ठेवला. या वेळी त्या हिंदीत बोलल्या नाहीत. "नाही बाबू," म्हणाल्या, "माह्यानं नाही होत आता."

माझ्याजवळ मात्र पेशंट कधीच आला नाही. मी अंगणात पाऊल टाकलं की तो उठून टाक्यामागे जायचा. बाईंच्या ते लक्षात आलं होतं. माझी बदली झाली, सामान गाडीत चढलं, मी निरोप घ्यायला गेलो, तेव्हा त्यांनी विचारलं, "हा तुले पाहून काऊन लपते रे?"

"काय माहीत," मी म्हणालो.

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांनी संशयानं विचारलं की सहज, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आता विचारता येत नाही. एवढं नक्की, की बोलायला तेव्हा जागा होती, गाडीवाल्यालाही घाई नव्हती. मी त्यांच्या पाया पडलो. उजवा हात माझ्या डोक्यावर ठेवून त्या म्हणाल्या, "सुखी राह्य."

त्यानंतर मी तिरोड्याला गेलो नाही असं नाही. गेलो, पण त्या गल्लीत शिरलो नाही. बाई गेल्याचं कळलं तेही उशिरा. तेव्हा मात्र त्या घरी गेलो. कामठ्याची भाची आता तिथं राहते. जिच्या बाळंतपणाला बाई गेल्या होत्या तीच. मुलगा तिच्या खांद्याला लागलेला. पाण्याचं टाकं तसंच आहे, मागे कोणी नाही. भाचीनं चहा दिला. "तुमची लय आठवण काढे मावशी," ती म्हणाली. "आन् एकच वेड लागलं होतं तिले. जो येईन त्याच्यापुढं हात धरे, थरथरते का म्हने. सारे म्हनत, नाही, बिलकुल नाही. मी बी म्हनत होती. खरंच नव्हता थरथरत. पन तिचं एकच, तुम्ही माह्या मनासाठी म्हनता. त्या मागच्या बाबूनं पाह्यलं होतं. तो खोटं कायले बोलेन?"

मी चहा संपवला. तिच्या मुलाला शाळेबद्दल काही विचारलं. बाहेर आलो.

बाईंचा हात अखेरपर्यंत स्थिर होता आणि नख मी चिरलं होतं. हे मी त्यांना सांगायला हवं होतं, ते आता होणार नाही. भाचीला सांगायचं बाकी आहे. आणि त्याआधी बायकोला.